बंदरातले सहा तास

शिक्रापूरपासून समुद्र दीड-दोनशे किलोमीटरवर आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे वेळ नदी, विहीर, बोअर आणि कालवा. त्यामुळे 'आम्ही जहाजाने फिरायला चाललो' असे सांगितल्यावर गल्लीतल्या प्रत्येकाने आधी हसून घेतले आणि मग एकच प्रश्न विचारला : "नमाजचे कसे करणार?" दुसरा प्रश्न बायकांचा होता : "खाण्याचे कसे?" तिसरा मुलांचा : "जहाज सोडून गेले तर?"

परत आल्यापासून हेच तीन प्रश्न आम्हाला रोज विचारले जातात. आता मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणारी प्रवासी जहाजे आपल्यासारख्या घरांच्याही आवाक्यात येऊ लागली आहेत. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, निवृत्ती, मुलांच्या सुट्ट्या अशा निमित्ताने लोक विचार करतात. त्यांना उपयोग व्हावा म्हणून आमचा अनुभव, आमच्या चुकांसह, इथे मांडतो.

आम्ही सहा जण होतो. आम्ही दोघे, दोन मुले, अम्मी आणि दौंडची खाला. खरे तर ही सहल अम्मीसाठीच होती. तिचे अब्बा म्हणजे आमचे नाना सत्तरच्या दशकात मुघल लाइनच्या जहाजाने हजला गेले. तेव्हा मुंबई ते जिद्दा हा समुद्रावरचा आठवड्याहून अधिक दिवसांचा प्रवास असे. शिक्रापूरहून एसटीने मुंबई, मग मुसाफिरखान्यात मुक्काम, लोखंडी ट्रंक, वळकटी, बरोबर लोणच्याची बरणी. निरोप द्यायला गेलेल्यांत नऊ-दहा वर्षांची अम्मीही होती. तिने जहाज पाहिले ते धक्क्यावरून, गर्दीत कुणाच्या तरी खांद्यावर बसून. १९९५ नंतर हजची जहाजे बंद झाली, सगळे विमानाने जाऊ लागले. अम्मीही विमानानेच हज करून आली, अल्हम्दुलिल्लाह. पण "अब्बा ज्या पाण्यावरून गेले ते आतून एकदा बघायचे होते" हे ती अधूनमधून बोलायची. तेवढ्या एका वाक्यावर आम्ही पैसे साठवले.

निघण्याआधी

पहिला सल्ला शिक्रापूरकरांना. जहाजाच्या दिवशी सकाळी घरातून निघू नका. चाकण चौकात आणि वाघोलीत किती वेळ जाईल हे कुणीच सांगू शकत नाही, त्यापुढे घाट आहे आणि मुंबई आहे. सामान घेण्याची आणि तपासणीची खिडकी जहाज सुटण्याच्या बरीच आधी बंद होते. आम्ही आदल्या दिवशी गेलो. खाला दौंडहून रेल्वेने आली. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात मुक्काम केला की बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ पडते, जेवणाची चिंता नसते आणि मशिदीही हाकेच्या अंतरावर आहेत. साबू सिद्दीक मुसाफिरखाना याच भागात आहे. अम्मीने तो रस्त्यावरून पाहिला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

बॅलार्ड पिअरच्या बाजूला नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभे राहिले आहे. २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. आत शिरताना विमानतळासारखीच तपासणी असते. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र हवे, लहान मुलांचेही. मोठ्या बॅगा तिथेच घेतात आणि त्या खोलीत काही तासांनी पोहोचतात. म्हणून वडीलधाऱ्यांची औषधे, चष्मा, एक कपड्यांचा जोड, मुसल्ला आणि तसबीह हातातल्या पिशवीत ठेवा. आम्ही अम्मीची रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत ठेवली होती. ती रात्री नऊला हाती आली.

तिकीट काढताना एकच प्रश्न विचारा : "या किमतीत काय नाही?" बंदर शुल्क, कर, सेवकांची बक्षिशी, बंदरातली सहल, इंटरनेट या गोष्टी बहुधा वेगळ्या असतात. खोली निवडताना वयस्करांसाठी जहाजाच्या मध्यभागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्या. तिथे हेलकावे कमी जाणवतात, आणि ती स्वस्तही असते. डिस्को, दारूचा बार आणि जुगाराची जागा कोणत्या मजल्यावर आहे तेही विचारून घ्या. जहाजावर या गोष्टी असतात हे आधीच माहीत असलेले बरे. त्यांच्यापासून लांबची खोली मागितली तर देतात.

जहाजावरची नमाज आणि जेवण

खोलीत एका माणसाला मुसल्ला अंथरण्यापुरती जागा मिळते, दोघांना नाही. वुजूसाठी न्हाणीघर लहान, म्हणून घरातला छोटा लोटा आणि रबरी चपला नेल्या हे फार बरे झाले.

किबल्यासाठी मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबू नका. जहाज लोखंडाचे, त्यामुळे काटा भलतीकडे वळतो. आमच्या थोरल्याच्या फोनने एका वेळी सरळ केरळकडे तोंड करायला सांगितले! सोपा उपाय असा की खोलीतल्या टीव्हीवर जहाज कोणत्या दिशेला चालले आहे त्याचा नकाशा दिसतो. मुंबईहून दक्षिणेला जाताना उजवा हात पश्चिमेकडे असतो. मुंबईत किबला पश्चिमेच्या किंचित उत्तरेकडे आहे. जसजसे दक्षिणेला जाल तसतसा तो आणखी उत्तरेकडे सरकतो, कोचीत तर हा फरक चांगला जाणवण्याइतका आहे. उघड्या डेकवर असाल तर मावळता सूर्य सर्वांत सोपी खूण.

प्रवासात कस्र करायची, दोन नमाजा एकत्र पढता येतात का, हलत्या जहाजात उभे राहणे जमत नसेल तर काय, याबाबत आपल्या मसलकच्या आलिमांना निघण्याआधी विचारून घ्या. हनफी आणि शाफई घरांत इथे फरक आहे, आणि समुद्रावर फोन लागत नाही. नमाजच्या वेळाही मुंबईच्या तक्त्यावरून धरू नका. डिसेंबरात कोचीत सूर्य मुंबईपेक्षा सुमारे अर्धा तास आधी उगवतो. मुंबईच्या हिशेबाने झोपून राहिलात तर फजर गेलीच समजा. प्रत्येक बंदराच्या वेळा कागदावर लिहून नेल्या होत्या, त्या कामी आल्या.

जेवणाचे म्हणाल तर जहाजावर शाकाहारी पदार्थ भरपूर असतात. मांसाहाराबद्दल वाढणाऱ्या मुलांना विचारून उपयोग नाही, त्यांना माहीत नसते. मुख्य आचाऱ्याला भेटा. मांस कुठून येते, हलाल आहे का, कोणत्या रश्श्यात वाइन घातली आहे, हे तो नीट सांगतो. जिथे शंका वाटली तिथे आम्ही मासे आणि डाळभात खाल्ला. चार दिवसांनी कुणाचे वजन कमी झालेले दिसले नाही.

जहाजावर मोबाइल लगेच 'फ्लाइट मोड'वर टाका. समुद्रात काही वेळा जहाजाचे स्वतःचे उपग्रहावरचे नेटवर्क फोन पकडतो आणि बिल घरी आल्यावर कळते. बंदरातल्या शहराचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या.

गोव्यात आम्ही काय चुकलो

आता मुख्य गोष्ट. जहाज बंदरात किती तास थांबते आणि तुमच्या हातात किती तास येतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या पत्रकावर मुरगाव बंदरासाठी 'सकाळी आठ ते संध्याकाळी सहा' असे होते. आम्ही घरी बसून दहा तास मोजले आणि दहा तासांचा बेत केला. पणजी, जुने गोवे, फोंड्याची सफा मशीद, आणि वाटेत काजू-कोकम खरेदी.

प्रत्यक्षात रांगेतून, बसमधून, बंदराच्या दारातून बाहेर पडून टॅक्सीत बसायला सव्वानऊ झाले. जहाज सहाला सुटणार, पण सर्वांनी पाचपर्यंत आत यायचे होते. म्हणजे पावणेआठ तास उरले. मुरगाव ते पणजी तासाभराचा रस्ता. पणजीत मांडवीकाठचा आदिलशाहचा जुना वाडा बाहेरून पाहिला, बाजारात उतरलो. अम्मीचे गुडघे दुखत होते, म्हणून ती आणि खाला टॅक्सीतच बसल्या. जुन्या गोव्यातही तेच. चर्चच्या भव्य इमारती आम्ही आणि मुलांनी पाहिल्या, त्या दोघींनी काचेतून. मग जेवणासाठी जागा शोधण्यात वेळ गेला. गोव्यात डुकराचे मांस आणि दारू सर्रास असल्याने 'इथे काय शिजते, कोणत्या भांड्यात' हे विचारत फिरावे लागले. शेवटी एका मुस्लीम माणसाच्या छोट्या खानावळीत मासे-भात मिळाला.

फोंड्याला पोहोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते.

सफा मशीद १५६० मध्ये विजापूरच्या अली आदिलशाहच्या काळात बांधली गेली. आपल्या दख्खनच्याच सुलतानाची ही खूण. मशीद लहान आहे, उंच जोत्यावर, वर कौलारू छप्पर. शेजारी जांभ्या दगडात बांधलेले खोल तळे, पायऱ्या आणि भिंतींत छोट्या छोट्या कमानी. भोवती झाडे. पणजीच्या गर्दीनंतर तिथली शांतता कानाला जाणवत होती. आम्ही जुहर पढलो. अम्मी आणि खालाने आवारात सावलीला मुसल्ला अंथरला. नमाज झाल्यावर अम्मी तळ्याच्या काठाशी बसली. पहिल्यांदाच त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर आराम दिसला.

आणि आम्ही घड्याळ पाहून म्हणालो, "अम्मी, चला, उशीर होतोय."

ती उठली. काही बोलली नाही. साडेतीनला निघालो. वास्कोच्या अलीकडे गाड्या अडकल्या. सव्वाचार, साडेचार, पावणेपाच. धाकटी रडायला लागली. चालक शांत होता, आमचेच हात थरथरत होते. बंदराच्या दाराशी पाचला दोन मिनिटे कमी असताना उतरलो आणि खालाला दोन्ही बाजूंनी धरून अक्षरशः ओढत नेले. शिडी चढणारे शेवटचे आम्हीच. असरची नमाज खोलीत शिरल्या शिरल्या पढलो.

रात्री अम्मी एवढेच म्हणाली, "बाळांनो, मला सगळा गोवा बघायचा नव्हता. त्या तळ्याकाठी थोडे बसायचे होते."

आम्हा दोघांना त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही. जिच्यासाठी आलो तिला दिवसभर टॅक्सीत बसवून ठेवले होते.

बंदराचा हिशेब

दुसरा दिवस पूर्ण समुद्रावरचा होता. नाश्त्यानंतर कागद घेऊन बसलो आणि कोचीचा हिशेब नव्याने केला. हा हिशेब प्रत्येकाने लिहून ठेवावा.

पत्रकावरची वेळ : सकाळी सात ते संध्याकाळी पाच, दहा तास. बाहेर पडेपर्यंत एक तास वजा. सर्वांनी आत येण्याची वेळ चार, म्हणून शेवटचा एक तास वजा. त्याच्याही एक तास आधी दारावर परतायचे, हा राखीव तास. राहिले सात. त्यातून जाणे-येणे एक तास. राहिले सहा. नमाज आणि जेवणाला दोन तास, वडीलधाऱ्यांच्या विश्रांतीला एक. म्हणजे पाहण्या-फिरण्यासाठी फक्त तीन तास. तीन तासांत दोन ठिकाणे होतात, पाच होत नाहीत.

खालाचे यजमान रेल्वेत होते. ती म्हणाली, "दौंडला गाडी चुकली तर मागून दुसरी येते. हे जहाज चुकले तर मागून काय येणार?" बरोबर आहे. राखीव तासाला हात लावू नका. लांबचे ठिकाण पाहायचेच असेल तर जहाज कंपनीच्याच बसने जा. ती बस अडकली तर जहाज सहसा थांबते. आपली टॅक्सी अडकली तर थांबत नाही. आणि मूळ ओळखपत्र, थोडे रोख पैसे, एक दिवसाची औषधे बरोबर ठेवा. चुकून राहिलातच तर पुढचा प्रवास तुमच्या खर्चाने.

कोचीत

पहाटे फजर पढून अम्मीला डेकवर नेले. जहाज कोचीच्या खाडीच्या तोंडातून आत शिरते तेव्हा एका हाताला फोर्ट कोची आणि तिथली चिनी जाळी दिसतात. लाकडी वाशांवर टांगलेली अवाढव्य जाळी पाण्यात उतरत होती, वर येत होती. हे पाहायला टॅक्सी लागत नाही, फक्त लवकर उठावे लागते. जहाज विलिंग्डन बेटाला लागते. बंदर खोल करताना काढलेल्या गाळावर गेल्या शतकात हे बेट तयार केले गेले.

वार शुक्रवार होता. निघण्याआधी कुठल्या दिवशी काय बंद असते ते पाहावे, हाही धडा. मट्टनचेरीचा डच राजवाडा शुक्रवारी बंद असतो, आणि १५६८ सालचे ज्यू लोकांचे प्रार्थनास्थळही शुक्रवार-शनिवारी पर्यटकांना खुले नसते. पूर्वीचे आम्ही असतो तर हळहळलो असतो. या वेळी बरेच वाटले. क्रंगनूरची चेरामन जामा मशीद पाहण्याची थोरल्याची इच्छा होती. भारतातल्या सर्वांत जुन्या मशिदींत तिचे नाव घेतात. पण ती कोचीहून बरीच लांब. "पुढच्या वेळी, इन्शाअल्लाह," असे सांगून ती सोडली. सोडता आली, हेच खरे.

आम्ही फक्त मट्टनचेरीत गेलो. मसाल्यांच्या वखारींचा वास रस्त्यावर येतो : सुंठ, मिरी, वेलची. या एवढ्याशा भागात कच्छी मेमन, गुजराती, कोकणी, मराठी, दखनी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहतात. कोचंगाडीत चेंबिट्टा पळ्ळी ही जुनी मशीद आहे. पळ्ळी म्हणजे मशीद, आणि चेंबू म्हणजे तांबे. तांब्याच्या पत्र्याच्या छपरावरून तिला हे नाव पडले. मुसाफिरावर जुमा फर्ज नाही, पण मिळत असेल तर का सोडावा? आम्ही बाप-लेक जुम्यासाठी तिकडे गेलो.

बायकांसाठी जागा असेल की नाही हे माहीत नव्हते. अशा वेळी आधी विचारावे, संकोच करू नये. गल्लीत अम्मी-खाला उभ्या राहून आपसात बोलत होत्या, ते ऐकून एका दारातून एक म्हातारी बाहेर आली आणि चक्क दखनीत विचारले, "कहाँ से आए जी तुमे?" अम्मीचा विश्वास बसेना. केरळात, घरापासून हजारभर किलोमीटरवर, तिच्या आईची बोली! म्हातारीने त्यांना पडवीत बसवले, वुजूला पाणी दिले, मुसल्ले काढले. आम्ही जुमा पढून आलो तेव्हा तिघींची जुहर होऊन सुलेमानी चहा चालू होता, आणि अम्मी नानांच्या जहाजाची गोष्ट सांगत होती. म्हातारीचे वडीलही मुंबईहून जहाजानेच हजला गेले होते. केरळातून रेल्वेने मुंबईला यायचे, मुसाफिरखान्यात राहायचे, मग जहाज. दोघींनी हिशेब जुळवून पाहिला, वर्ष एक नव्हते. पण धक्का तोच होता.

आम्ही कुणालाही "चला" म्हटले नाही. राखीव तास अजून पूर्ण शिल्लक होता.

दुपारी लहान दाण्याच्या सुवासिक तांदळाची मलबारी बिर्याणी खाल्ली. आपल्या बिर्याणीपेक्षा मसाला सौम्य, पण मुलांनी ताट चाटून पुसून खाल्ले. तीनला जहाजात परतलो. शिडीवर गर्दी नव्हती. खाला स्वतःच्या पायांनी, कठडा धरून, सावकाश चढली.

आणखी थोडे

लक्षद्वीपला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथे परवाना लागतो. मोठे जहाज बेटाला लागत नाही, लहान होड्यांनी उतरावे लागते आणि समुद्र खवळला तर उतरणे रद्द होते. गुडघेदुखी असलेल्यांनी होडीत उतरता येईल का ते आधी विचारावे. तिथली वस्ती जवळजवळ सगळी मुस्लीम, त्यामुळे जेवणाची व नमाजची अडचण नाही. कपड्यांचे भान मात्र राखावे.

दुबई किंवा सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाने जाणार असाल तर ज्या देशात परत याल तिथला अनेकदा प्रवेश देणारा व्हिसा घ्या. बाहेर पडून परत येणे म्हणजे दुसरा प्रवेश धरतात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. परदेशी बंदरात जहाजाचे घड्याळ आणि शहराचे घड्याळ वेगळे असू शकते. नेहमी जहाजाचे घड्याळ पाळा.

आणि पावसाळ्यात जाऊ नका. त्या महिन्यांत अरबी समुद्र आपला नसतो.

रविवारी पहाटे मुंबई दिसू लागली. अम्मी शाल घेऊन कठड्याशी उभी होती. दिवे जवळ येत होते, धक्का दिसू लागला होता. "अब्बा परत आले तेव्हा त्यांनाही हेच दिसले असेल," ती म्हणाली. "आम्ही तिकडे उभे होतो. त्यांना आम्ही किती लहान दिसलो असू."

संध्याकाळी शिक्रापूरला पोहोचलो. चाकण चौकात पाऊण तास अडकलो, कुणी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी अम्मीने मोहल्ल्यातल्या बायकांना सहल सांगितली. आम्ही कान देऊन ऐकत होतो. तिने जहाजाचे सात मजले सांगितले नाहीत, पणजी सांगितली नाही. फोंड्याचे तळे आणि कोचीची पडवी, दोनच गोष्टी सांगितल्या. तळ्याबद्दल सांगताना "थोडाच वेळ बसले" असे म्हणाली आणि आमच्याकडे पाहिले नाही.

वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असाल तर त्यांना आधी विचारा : "तुम्हाला कुठे बसायचे आहे?" मग तेवढ्याभोवती दिवस बेता. बाकीचे शहर तिथेच राहणार आहे. अल्लाह आपणा सर्वांचा प्रवास सुखाचा करो.